धडा

बावीस वर्षं मी दुसऱ्यांची वजनं तपासली.
मंडईत, भुसारवाल्यांकडे, मार्केट यार्डाच्या गाळ्यांत
बिडाचं वजन उलटं करायचं,
पोटाच्या खळग्यात शिशाचा ठिपका असतो,
त्यावर ठोकायचा वर्षाचा शिक्का.
कागदावर वजन ठेवू पाहणारेही भेटले पुष्कळ.
त्यांचा मी चहासुद्धा घेतला नाही.

आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी
तळजाईच्या उतारावरच्या तलावाकाठी
ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून
एका पोराला विचारतेय,
मी किती वजन घेऊ?

तन्वीर शिकलगार, वय सव्वीस,
कानात पाणी गेल्यासारखी मान तिरकी करून बोलणारा.
म्हणाला, मॅडम, आधी कुठे बांधायचं ते ठरवा.
समुद्रात खाली जाताना पोट आत जातं,
नायलॉनचा पट्टा सरकत सरकत बरगड्यांवर येतो.
रबराचा पोटाबरोबर आत येतो, जागा सोडत नाही.
बक्कल मात्र एका हाताने, डोळे मिटून,
एका झटक्यात सुटलं पाहिजे.

अशी बक्कलं आधी मिळाली असती
तर मी बरंच काही सोडलं असतं.

पण इथे आपल्याला आडवंच जायचंय, तो म्हणाला,
छाती हवेने वर उचलते, पाय खाली ओढतात,
तेव्हा वजन गळ्यात.

गळ्यात.
हा शब्द आमच्या घरात
चांगल्या अर्थाने फारसा कुणी वापरला नाही.

बुधवारी जुन्या बाजारात इद्रिसकडे शिशाचे छरे.
त्याने सवयीने काटा मारला, शंभरेक ग्रॅम.
मी बोलले नाही, तराजूकडे नुसतं पाहिलं.
त्याने मूठभर वर टाकले आणि म्हणाला,
ताई सरकारी दिसता.

ट्यूब माझ्याच सायकलची.
दत्तोबा रेणुशांनी ठिगळांची बाजू टाळून कापून दिली.
"हवेच्या जागी शिसं? भरा बापडे.
पण पंक्चर झाली तर माझ्याकडे आणू नका."

पहिल्यांदा भरले तीन किलो.
तळ असा मिळाला जसा काही सातबारा माझ्या नावावर होता.
गार निळ्या फरश्या, एकीच्या फटीत कुणाची तरी केसांची पिन.
फोन नाही, सुनावणी नाही, मॅडम म्हणणारं कुणी नाही.
वर यावंसं वाटेना.
तन्वीरची सावली आली, खांद्याला हात लागला.

काठावर तो आवाज न चढवता म्हणाला,
मी शेजारी असतोच, त्याशिवाय उतरायचंच नाही.
तरी वजन इतकंच घ्यायचं
की शुद्ध हरपली
तर पाण्याने आपणहून तुम्हाला वर द्यावं.

मग छरे काढत गेले, चमच्याने.
श्वास सोडून दिला की पाणी डोळ्यांशी थांबतं का?
बुडतेय. अर्धा चमचा कमी.
तरंगतेय. चार छरे परत.

घाण्यावरचा माणूस तेल देताना
आधी तुमची रिकामी बरणी एका पारड्यात ठेवतो,
दुसऱ्यात खडे, किल्ली, हाताला लागेल ते,
काटा मधोमध येईपर्यंत.
त्याला धडा करणं म्हणतात.
आमच्या नव्या निरीक्षकांना शब्दच माहीत नाही.
मी ती बरणी.
आत काय भरलंय ते नंतर मोजू.

ऑफिसात सगळे गेल्यावर ट्यूब काट्यावर ठेवली.
एक किलो आठशे चाळीस.
शिक्का टेबलावरच होता, हातोडीही.
मारला नाही.
वेटसूट जुना झाला की हे वजन बदलेल,
मी वाळले तर बदलेल.

शनिवारी, सकाळचे सात.
भिंतीला पाय टेकून सुटले,
तळापासून हातभर वर, पृष्ठभागापासून दूर,
कुणीच ओढत नाही.
बाहेर कुठेतरी बसचा हॉर्न, पाण्याने जाडसर केलेला.
काटा अजून किंचित थरथरतोय.
नियमाने तो थांबेपर्यंत थांबायचं असतं.

पाय मारते.